शरीरालाही खाडा लागतो

हा अंक तुमच्या हातात पडेल त्या सुमारास मराठवाड्यातल्या शेकडो गावांच्या वेशीवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागलेले असतील. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं पाथर्डी. दिवाळीचा उरलासुरला फराळ डब्यात, पीठ-मीठ पिशवीत, भांडी पोत्यात. वर कोंबड्या, एखादी शेळी आणि शाळेतून नाव न काढता काढलेली लेकरं. घरात म्हातारी माणसं मागे राहतात. ऊसतोडीला निघणाऱ्या या माणसांची नेमकी मोजदाद कुणी केलेली नाही. अंदाज आठ-दहा लाखांच्या घरातले आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात तेव्हा त्यांच्या अंगात काय बदललेलं असतं, याचा हा लेख.

आधी हिशेबाची भाषा समजून घ्यावी लागते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो. ही रक्कम लाखाच्या आसपास, कधी त्याहून जास्त असते. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, जुनं देणं यांत ती पावसाळ्यातच संपते. मग पाच-सहा महिने ऊस तोडून टनाच्या दराने ती फेडायची. जोडीतलं एक जण आजारी पडलं तर उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला फडात फारशी किंमत नाही. काम चुकलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. खाड्याच्या दिवशी मजुरी बुडतेच, वर दंड लागतो. पाचशे, कुठे हजार. ताप असो, पाळी असो, पोर आजारी असो, गावाकडे मयत झालेली असो. ठरलेल्या उसातून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे आजारी पडण्याचा खर्च पुढच्या वर्षीच्या शरीराकडून वसूल होतो.

आता दिवस बघा. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते. चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पाणी आणायचं, तान्हं असेल तर त्याला पाजायचं. उजाडायच्या आत दोघं फडात हजर. पुरुष कमरेत वाकून बुडख्याशी कोयता घालतो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते आणि वर तोडला तर कारखान्याची चिठ्ठीवाली माणसं बोल लावतात. एकेका उसाला एक घाव, क्वचित दोन. डाव्या हाताची मूठ उसावर, उजव्या हातात कोयता, कंबर तशीच वाकलेली. बाई मागून वाढं छाटते, पाचट काढते, ऊस ओळीने रचते, उसाच्या पाल्याचाच बंध पिळून मोळी बांधते. पाचटाच्या कडा करवतीसारख्या. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक रेघा उमटतात आणि त्यात घाम झिरपतो. म्हणून ऐन उन्हातही नवऱ्याचा जुना फुल शर्ट साडीवर चढवलेला असतो.

खरं अवघड काम पुढेच आहे. गाडी फडात लागली की मोळी डोक्यावर घेऊन तिच्यावर चढवायची. गाडीला एक फळी तिरकी टेकवलेली असते. चुंबळीवर मोळी, एक हात वर, दुसरा तोल सांभाळायला मोकळा, आणि त्या डुगडुगत्या फळीवर पाय रोवत माडीच्या उंचीपर्यंत जायचं. मोळी टाकून उलट्या पायी खाली यायचं. पुन्हा वाकायचं, पुन्हा मोळी. मोळी वीस-पंचवीस किलोची धरली तरी एका टनाला चाळीस-पन्नास मोळ्या होतात. जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. पुढची बेरीज वाचकांनी करावी, आणि ती करताना त्या बाईला घरकामाची दुसरी पाळी आहे हे विसरू नये.

गाडी कधी येणार हे मजुराच्या हातात नसतं. कारखान्याच्या गव्हाणीपाशी रांग असते. रिकामी झालेली गाडी फडात येईल तेव्हा ती भरायची. कधी दुपारी येते. कधी रात्री अकराला, कधी दोनला. खोपीत अंग टाकलेली माणसं उठून पुन्हा फळी चढायला लागतात. तीन वाजता तशीही चूल पेटवायचीच असते.

* * *

‘कामाने कोणी मरत नाही’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. म्हणणारी व्यक्ती बहुतेक वेळा खुर्चीत बसलेली असते. शहरात तर ऊसतोड, हमाली, गवंडीकाम करणाऱ्यांविषयी एक हेवाच असतो: यांना जिमची गरज नाही, घाम गाळतात, पचतं, झोप लागते, ठणठणीत असतात.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हा समज तपासला. कोपनहेगन परिसरातल्या एक लाखाहून जास्त प्रौढांची माहिती त्यांनी सुमारे दहा वर्षं पाहिली. निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यूचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे कमी होतं. कामाच्या ठिकाणी खूप कष्ट करणाऱ्यांमध्ये मात्र ते वाढलेलं निघालं. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न असे फरक हिशेबात धरूनही चित्र पालटलं नाही. स्नायू तेच, हृदय तेच, घामही तोच, फळ उलटं.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. सकाळी तासभर धावणारा माणूस त्या तासानंतर थांबतो. किती धावायचं, कधी धावायचं, गुडघा दुखतोय म्हणून आज नको, हे तो ठरवतो. मजुराचं हृदय आठ-दहा तास मध्यम वेगाने पळत राहतं, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, आणि आज नको म्हणायची सोय नसते.

व्यायामाचं अख्खं शास्त्र एका साध्या गोष्टीवर उभं आहे. सवयीपेक्षा जास्त ताण पडला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. शरीर ती दुरुस्त करतं. आणि दुरुस्त झालेला स्नायू आधीपेक्षा जरा बळकट निघतो. बळ येतं ते दुरुस्तीच्या वेळात. स्नायूंना त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात, पोटात पुरेशी प्रथिनं लागतात आणि गाढ झोप लागते, कारण वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेतच स्रवतं. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचं गणित आणखी चिवट आहे. जोरदार ताणानंतर पहिला दिवस-दीड दिवस तिच्यातलं कोलॅजन घडण्यापेक्षा मोडतं जास्त. त्यानंतर पारडं फिरतं. त्याच कंडरेवर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच ताण आला तर ती कायम तोट्याच्या बाजूलाच राहते. ऊसतोड्यांचे खांदे, कोपर आणि मनगटं हंगामाच्या उत्तरार्धात का बोलायला लागतात, त्याचं उत्तर इथे आहे.

मग ‘मणक्यात गॅप’. हे दोन शब्द ऐकले नाहीत असं गाव महाराष्ट्रात नसेल. दोन मणक्यांमधल्या गादीला मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण आजूबाजूच्या हाडातून हळूहळू झिरपत येतं. दिवसभराच्या भाराने गादीतलं पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की ते परत शोषलं जातं. त्यामुळे धडधाकट माणूसही संध्याकाळी सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने बुटका भरतो. म्हणजे गादीच्या दृष्टीने आडवं पडणं हीच तिची जेवणाची वेळ. रात्री दोन वाजता मोळी डोक्यावर घेतली की ती वेळ हुकते. महिनोन्महिने, वर्षानुवर्षं ती हुकली की गादी सुकते, चपटी होते, तिला भेगा जातात, शेजारची नस दाबली जाते आणि पायात कळ उतरते. एक्स-रेवर तेवढं अंतर कमी झालेलं दिसतं. डॉक्टर म्हणतात, गॅप आहे, वजन उचलू नका. वजन उचलू नका हा सल्ला उचल घेतलेल्या बाईला काय कामाचा, हे त्यांनाही ठाऊक असतं.

हाडांची गोष्ट क्रिकेटवेड्या वाचकांना सांगायला नको. जसप्रीत बुमराहच्या पाठीच्या खालच्या भागात २०१९मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. २०२२मध्ये पाठीने पुन्हा दगा दिला, मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडविरुद्ध परतला. वेगवान गोलंदाजाचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा मणक्याच्या हाडात अतिसूक्ष्म तडे जातात. शरीर आधी खराब हाड खरवडून काढतं, त्याला दोन-तीन आठवडे. मग नवं भरतं, त्याला तीनेक महिने. मधल्या काळात ते हाड नेहमीपेक्षा कमकुवत असतं. त्याच काळात मारा चालू राहिला की तडा रुंदावतो. प्रशियन सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५मध्येच लांब कवायती करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्या सुजेमागचं मोडलेलं हाड दिसलं. आज गोलंदाजाने आठवड्यात किती षटकं टाकली, सरावात किती चेंडू टाकले, सगळं लिहून ठेवतात. त्याला विश्रांती दिली म्हणून टीव्हीवर वाद झडतात, पण विश्रांती देतात. फडात मोजतात फक्त टन.

* * *

आता एक गोष्ट साता समुद्रापलीकडची, पण उसाचीच. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या सखल, तापट पट्ट्यात ऊस तोडणारे तरुण मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होते. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. तिशी-चाळिशीतली धट्टीकट्टी माणसं डायलिसिसवर जात. २००२मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी या अनाकलनीय रुग्णांविषयी लिहिलं आणि त्यानंतर दोन दशकं यावर काथ्याकूट झाला. कीटकनाशकं, जड धातू, औषधं या सगळ्यांवर संशय घेतला गेला आणि काही प्रश्न अजून मिटलेले नाहीत. पण उन्हात सततचे जड कष्ट हे मुख्य कारणांपैकी एक, यावर आता बरंच एकमत आहे. तापलेलं अंग, आटलेलं पाणी, कष्टाने मोडलेल्या स्नायूंचा रक्तात उतरणारा कचरा, वाढलेलं युरिक आम्ल: मूत्रपिंडाला रोज थोडी इजा होते. रात्रीत ती भरून आली नाही तर दुसऱ्या दिवशीची इजा तिच्यावर बसते. काही हंगामांनी मूत्रपिंड कोळपतं. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

त्यावर झालेले उपाय मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटतात. एल साल्वादोरच्या एका मळ्यात पाठीवरची पाण्याची पिशवी, हलवता येणारा सावलीचा मांडव, ठरलेल्या वेळेची विश्रांती आणि हाताला नीट बसणारा नवा कोयता दिला गेला. पाहणी करणाऱ्यांनी माणशी रोजची तोड मोजली. ती ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. विश्रांती दिल्याने काम वाढलं. नव्या कोयत्याचाही त्यात वाटा असणार, पण काम घटलं नाही एवढं तर सिद्ध झालं. पुढे निकाराग्वातल्या एका मोठ्या साखर कारखान्याने असाच प्रयोग केला. पहिल्या हंगामात पाणी, सावली आणि थोडी विश्रांती देऊनही सर्वांत जड काम करणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मजुरांच्या मूत्रपिंडांना हंगामात इजा झालीच. दुसऱ्या हंगामात विश्रांतीच्या वेळा वाढवल्या, त्या सक्तीच्या केल्या. प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं. पाणी पाजून भागत नाही, कोयता खाली ठेवावा लागतो.

आपल्याकडे हंगाम हिवाळ्यात सुरू होतो म्हणून पहिले दोन-तीन महिने ऊन सुसह्य असतं. फेब्रुवारीनंतरचा फड मात्र भट्टी असते. तोपर्यंत अंग थकलेलं असतं आणि दुखण्यावरची गोळी नित्याची झालेली असते. वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी होतो. भरपूर पाणी पिणाऱ्या माणसात शरीर ते निभावून नेतं. घामाने सुकलेल्या माणसात नाही. फडात आडोसा नसल्यामुळे लघवीला जावं लागू नये म्हणून बाया मुद्दाम पाणी कमी पितात. गोळी, ऊन, तहान आणि आडोशाचा अभाव या चौघांची गाठ एकाच अवयवात पडते.

* * *

बाईच्या शरीराविषयी वेगळं लिहावं लागतं, कारण मोळी तिच्या डोक्यावर आहे.

बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू आणि बंध पूर्ववत व्हायला महिने लागतात. गर्भाशय, मूत्राशय यांना तेच तोलून धरतात. जड वजन उचलताना पोटातला दाब वाढतो आणि तो थेट या तळावर येतो. खोपीवर बाळंत होऊन दहा-पंधरा दिवसांत, कधी त्याही आधी, पुन्हा फडात उभ्या राहिलेल्या बाया या पट्ट्यात नवलाच्या नाहीत. मग ‘अंग बाहेर येतं’. कंबर भरून येते, पांढरं जातं, लघवी धरवत नाही. पाण्याची टंचाई, फाटक्या कापडाच्या घड्या, सततचा जंतुसंसर्ग. त्यात रक्त कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. रक्तात प्राणवायू वाहणारे कण कमी असले की तेच काम करायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. पुष्कळ मुलींचं लग्न कोयता पुरा करण्यासाठी अठराच्या आतच उरकलेलं असतं. अंग वाढायचं थांबलेलं नसताना त्या फळी चढायला लागतात.

या सगळ्यावर बीड जिल्ह्यात जो इलाज रूढ झाला तो देशाने २०१९मध्ये वाचला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य यंत्रणेने ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा आकडा तीन टक्क्यांच्याही आत होता. ‘पिशवी काढून टाकली’ असं बाया सांगतात, दात काढल्याइतक्या सहज. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर होते, ही गोष्ट खरीच. जिल्ह्यात या शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट त्यानंतर घालावी लागली. पण सगळा दोष डॉक्टरांवर टाकणं मला पटत नाही. महिन्यातले चार दिवस अंगावरून जातं, पोट दुखतं, खाडा पडतो, दंड बसतो. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. शरीरासाठी विसावा मागणारा अवयवच काढून टाकायचा, इतका सरळ तो हिशेब होता.

तो फसवा निघाला. अनेकदा गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली जातात. मग तिशीतच इस्ट्रोजेन आटतं. हाडांची झीज भरून काढणारी यंत्रणा मंदावते, सांधे धरतात, झोप उडते, घाबरं होतं. ज्या दुरुस्तीसाठी वेळ मिळत नव्हता तिची ताकदच घटते. आणि पुढच्या दिवाळीत ती बाई पुन्हा गाडीत बसलेली असते, कारण शस्त्रक्रियेचा खर्च उचलीतूनच झालेला असतो.

* * *

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७००मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर आणखी एक विचारा, असं त्याने वैद्यांना सांगितलं: तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षांनी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सुई मारतात, सलाईन लावतात, पाच दिवसांच्या गोळ्या देतात.

ओझं हलकं होऊच शकत नाही असं मात्र नाही. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि पोतं पन्नास किलोवर आणलं. अशाच चळवळींमधून राज्यात १९६९चा माथाडी कायदा आला. तेव्हाही बाजार बंद पडेल असं व्यापारी म्हणत होते. बाजार आजही चालू आहे.

उसाच्या फडातली आणखी एक बाब नोंदवून ठेवायला हवी. बैलगाडीतून ऊस ओढणाऱ्या बैलाला कायद्याचं संरक्षण आहे. ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी केलेले १९६५चे केंद्रीय नियम सांगतात: दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, सलग पाच तासांहून जास्त जुंपू नये, आणि तापमान ३७ अंशांवर गेलेलं असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपूच नये. पाळले जातात किती हा प्रश्न वेगळा. पण लिहिलेलं आहे. त्याच गाडीत मोळी टाकणाऱ्या बाईच्या करारात यातलं काय लिहिलेलं आहे?

जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांमध्ये करार झाला. तीन वर्षांसाठी तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ. टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये. वाढ हवीच होती. पण दर टनावर असेल आणि विसाव्याला किंमत नसेल तर वाढलेला दर आणखी एक टन तोडायलाच भाग पाडतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे, आरोग्य तपासण्यांची शिबिरं होतात, मुलांसाठी वसतिगृहं होऊ लागली आहेत. चांगलं आहे. मात्र तपासणीत मणका आणि मूत्रपिंड यांची झीज कळली तरी ती थांबवणारी गोष्ट दवाखान्यात नाही, करारात आहे.

म्हणून एक सरळ विनंती. हा अंक वाचणाऱ्यांत सहकारी साखर कारखान्यांचे सभासद पुष्कळ असतील, काही संचालकही असतील. वार्षिक सभेत आपण भावाविषयी, उताऱ्याविषयी, साखरेच्या कोट्याविषयी विचारतो. यंदा तीन गोष्टी विचारा. आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांसाठी खाड्याचा दंड आपल्या कारखान्याच्या मुकादमांनी बंद केला का? रात्री दहा ते पहाटे पाच गाडी भरायची नाही असा नियम वाहतुकीच्या करारात घालता येईल का? आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी दिली तर टनामागे किती रुपये वाढतील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मागा, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.